प्रेझेंटेशनचा कोर्स निवडताना मिनिटं मोजा

कोर्स शोधायला बसण्याआधी एक काम उरका. मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवा आणि अलीकडे केलेलं एखादं प्रेझेंटेशन पाच मिनिटांत, उभं राहून पुन्हा करा. रेकॉर्डिंग दोनदा तपासायचं. पहिल्यांदा आवाज बंद करून बघा: स्लाइडकडे वळून वाचताय का, हात कुठे आहेत, नजर कुठे आहे. दुसऱ्यांदा मोबाइल पालथा घालून नुसतं ऐका आणि 'म्हणजे', 'ॲक्चुअली', 'तर' किती वेळा आलं ते कागदावर रेघा मारून मोजा. मग हे सगळं ऐकून समोरच्याने नेमकं काय करायचं होतं, ते एका वाक्यात लिहा. वाक्य जमत नसेल तर आवाजाआधी मांडणीवर काम करायला हवं.

हे आधी करायचं कारण असं, की 'प्रेझेंटेशन स्किल्स' या एकाच नावाखाली तीन निराळ्या गोष्टी शिकवल्या जातात: पीपीटी बनवणं, मुद्द्यांची बांधणी आणि लोकांसमोर बोलणं. मांडणी कच्ची असताना बोलण्याचा कोर्स केला तर आवाज सुधारतो, पण ऐकणाऱ्याला मुद्दा पूर्वीइतकाच धूसर राहतो. त्यामुळे माहितीपत्रकावरचं नाव सोडा आणि तासवार वेळापत्रक मागून घ्या.

त्या वेळापत्रकावर एक साधं गणित करायचं. दिवसभराच्या कोर्समध्ये जेवण आणि चहा वगळून साधारण ६ तास उरतात. त्यातले २ तास शिकवण्यात जातात असं धरा. राहिली २४० मिनिटं. एकाचं बोलणं ५ मिनिटं, त्यावर फीडबॅक ५ मिनिटं, उठबस २ मिनिटं, म्हणजे माणशी १२ मिनिटं. बॅच ८ जणांची असेल तर एका फेरीला ९६ मिनिटं लागतात आणि दोन फेऱ्या आरामात होतात. २० जण असले की पहिल्याच फेरीत २४० मिनिटं संपतात. ३० जणांची एक फेरीही बसत नाही. मग गट पाडून आपापसात सराव दिला जातो आणि ट्रेनर तुमचं बोलणं पूर्ण ऐकतच नाही. पहिल्या फेरीत चूक कळते, ती दुरुस्त होते दुसऱ्या फेरीत. दुसरी फेरी नसेल तर चुकांची यादी घेऊन घरी यावं लागतं. म्हणून चौकशीच्या फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा: 'मी स्वतः किती वेळा उभा राहून बोलणार?' गोलमोल उत्तर आलं तर तो कोर्स सोडा.

पुढची कसोटी फीडबॅकची. चालू बॅचमध्ये अर्धा तास मागे बसू द्याल का, असं विचारून बघा. 'छान, फक्त आत्मविश्वास वाढवा' हे ऐकून कोणाला काहीच करता येत नाही. 'तिसऱ्या स्लाइडला तुम्ही पाठ फिरवून आकडे वाचलेत. आता आकडा आधी लोकांकडे बघून सांगा, दोन सेकंद थांबा, मग स्लाइड बदला. पुन्हा करा.' असा फीडबॅक देणारा ट्रेनर मिळाला तर बाकी सोयी थोड्या कमी असल्या तरी चालतील. डेमो घेणारा माणूसच पूर्ण बॅच घेणार आहे का, हेही विचारून ठेवा.

माहितीपत्रकात 'संवादाचा ९३ टक्के भाग देहबोली आणि आवाज' असं छापलेलं दिसलं तर सावध व्हा. हा आकडा आला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांतून. तिथे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून बोलणाऱ्याच्या भावनेचा अंदाज घ्यायला सांगितलं होतं. विक्रीचा अहवाल किंवा प्रकल्पाची माहिती समजावण्याशी त्याचा संबंध नाही, आणि तो नियम असा सरसकट लावू नये हे मेहराबियन यांनी स्वतः स्पष्ट केलं आहे. अशा आकड्यावर उभा असलेला कोर्स हातवाऱ्यांवर वेळ घालवतो आणि मजकूर तसाच राहतो.

सलग दोन दिवसांपेक्षा आठवड्याच्या अंतराने अर्ध्या-अर्ध्या दिवसाची चार सेशन्स बरी. मधल्या दिवसांत खऱ्या मीटिंगमध्ये एक गोष्ट वापरून बघता येते आणि जे फसलं ते पुढच्या सेशनला घेऊन जाता येतं. सराव तयार विषयावर नको, स्वतःच्या कामाच्या स्लाइड्सवर करू देतात का ते बघा. तुमची प्रेझेंटेशन्स बहुतेक व्हिडिओ कॉलवर होत असतील तर ऑनलाइन कोर्स उत्तम. सभागृहात बोलायचं असेल तर प्रत्यक्ष वर्गच हवा, कारण मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणं लॅपटॉपसमोर शिकता येत नाही.

अडचण फक्त सरावाची असेल तर कोर्सऐवजी टोस्टमास्टर्ससारखा क्लब पुरेसा ठरू शकतो. १९२४ साली सुरू झालेल्या या संस्थेच्या क्लबांत साधारण ५ ते ७ मिनिटांचं भाषण, वेळेसाठी हिरवा-पिवळा-लाल दिवा, अडखळणं मोजणारा एक जण आणि मूल्यमापन करणारा दुसरा, अशी पद्धत असते. मात्र मूल्यमापन सभासदच करतात, त्यामुळे त्याचा दर्जा क्लबागणिक बदलतो. बोलायच्या कल्पनेनेच झोप उडत असेल, मीटिंगा टाळल्या जात असतील, तर आधी समुपदेशकाला भेटा; भरल्या वर्गात एकदम उभं केल्याने अशी भीती वाढू शकते.

पैसे भरण्याआधी कोर्स संपल्यानंतरच्या दोन आठवड्यांतलं एक खरं प्रेझेंटेशन ठरवून ठेवा. सुरुवातीचं ५ मिनिटांचं रेकॉर्डिंग जपून ठेवा, तोच विषय कोर्सनंतर पुन्हा रेकॉर्ड करा आणि कागदावरच्या रेघा नव्याने मोजा.