लाकडी स्पीडबोट घरी बांधताय? मग या चुका टाळा

केन वॉर्बी नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने सिडनीत घरामागच्या अंगणात लाकडाची बोट बांधली, हवाई दलाने लिलावात काढलेलं जुनं जेट इंजिन तिच्यावर बसवलं आणि ८ ऑक्टोबर १९७८ ला ब्लोअरिंग धरणात ताशी ५११ किलोमीटरचा विक्रम केला, जो अजून कोणाला मोडता आलेला नाही. हे वाचलं की घरी ड्रिल आणि रंधा असलेल्या प्रत्येकाला वाटतं आपणही बांधू की! आणि बांधता येतेच, चौदा फुटी प्लायवूडची बोट आणि मागे ३० एचपीचं ओबीएम (बोटीच्या मागे बाहेरून लटकवायचं इंजिन) हे हौशी माणसाच्या आवाक्यातलं काम आहे. पण खाडीत सोडल्यावर "पळतच नाही राव" म्हणणारेही खूप. कारण सगळा जीव ओततात वरच्या पॉलिशवर, आणि वेग ठरतो तळाच्या मागच्या चार-पाच फुटांत.

तळ सरळ आहे का, आधी ते बघा

बोट जोरात पळायला लागली की पुढचा भाग पाण्याबाहेर येतो आणि ती फक्त मागच्या तळावर घसरत जाते. म्हणून तो भाग पुढून मागे एकदम सरळ हवा. बोट उलटी असतानाच सहा फुटी ॲल्युमिनियमचा सरळ पट्टा तळावर मागून पुढे टेकवा आणि पलीकडून टॉर्च मारा. उजेड मध्येच दिसला, म्हणजे तळ आत दबलाय, तर वेगात बोट नाक खाली घालते, पाणी अंगावर उडवते आणि पळत नाही. पट्टा मध्ये टेकून टोकांना डुलत असेल तर तळ फुगलाय, अशी बोट वेग घेतला की पुढून उड्या मारत राहते. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक सोडू नका, फिलर भरा, लांब पाटीला पॉलिश पेपर लावून घासा, परत पट्टा ठेवा. कंटाळवाणं आहे, पण याला शॉर्टकट नाही. आणि हो, चांगला तळ ट्रेलरवरही बिघडतो, खालचे टेकू ट्रान्समच्या (इंजिन लटकतं त्या मागच्या उभ्या फळीच्या) आधीच संपले तर इंजिनाच्या वजनाने मागची कड महिनोन्महिने खाली वाकत राहते.

दुसरी चूक तळ आणि बाजू मिळतात त्या कडेची, तिला चाइन म्हणतात. फायबरचं कापड तीव्र कोपऱ्यावर बसत नाही म्हणून सगळे ती कड गोल करतात, ते बरोबरच आहे, पण मग मागच्या भागातही तशीच गोल सोडून देतात आणि पाणी कडेवरून सुटायच्या ऐवजी वळून बाजूला चिकटून वर चढतं, म्हणजे फुकटचं ओढणं. कापड बसल्यावर बाजूला पॅकिंग टेपचा काठ उभा करा, इपॉक्सीत (हार्डनर मिसळून वापरायचं रेझिन) सिलिकाची पूड कालवून लोण्याइतकं घट्ट करा, ते त्या काठाला टेकवून भरा, वाळलं की टेप ओढून काढा आणि कड बोटाला टोचेल इतकी धारदार घासा. पुढच्या भागात गोल राहिली तरी चालते.

पाण्यात नेल्यावर

बोट उड्या मारतेय? लगेच तळाला दोष देऊ नका. आधी इंजिनाचा ट्रिम, म्हणजे त्याचा कलता कोन, आत घ्या (खालचं टोक ट्रान्समकडे), मग बॅटरी आणि पेट्रोलची टाकी पुढे सरकवून बघा, बऱ्याच वेळा सगळं सामान मागे कोंबलेलं असतं.

इंजिन ओरडतंय आणि बोट पुढे जात नाही, म्हणजे पंखा हवा ओढतोय. पंख्याच्या वरची आडवी प्लेट तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर वर असावी. शॉर्ट शाफ्टच्या, म्हणजे आखूड पायाच्या इंजिनाला ट्रान्सम साधारण १५ इंच उंच लागतो, लाँगला २०, त्यामुळे इंजिन कुठलं ते ठरल्याशिवाय ट्रान्सम कापायचाच नाही. उंची बरोबर असूनही हाच त्रास असेल तर तळाखालची मधली पट्टी बघा, ती थेट ट्रान्समपर्यंत आणली असेल तर पंख्याला फेसाळ पाणी मिळतं. ती दोन-तीन फूट आधीच निमुळती करून संपवा.

फुल थ्रॉटलला बोट डावी-उजवीकडे आपटायला लागली तर थ्रॉटल हळूहळू कमी करा, झटक्यात नाही.

मग "इंजिनच मोठं घेऊ" हा विचार येतोच. जॉर्ज क्राउच म्हणून अमेरिकन डिझायनर होता, त्याच्या बेबी बूटलेगर नावाच्या महोगनीच्या बोटीने १९२४ आणि १९२५ चा गोल्ड कप ही अमेरिकेतली मोटरबोटींची शर्यत मारली, त्याच क्राउचचा साधा हिशोब अजून वापरात आहे: वेग वाढतो तो वजनामागच्या एचपीच्या वर्गमुळाने. म्हणजे ३० चं ४० एचपी केलंत तर ताशी ४० किलोमीटरची बोट कागदावर ४६ ला जाते, आणि मोठ्या इंजिनाचं वजन बरोब्बर मागच्या टोकाला येतं म्हणून तेवढीही जात नाही. त्यापेक्षा बोटीतून ४० किलो सामान कमी करा, खिशाला परवडतं.

प्लाय आणि इपॉक्सी

दुकानदार "वॉटरप्रूफच आहे" म्हणतो म्हणून घेऊ नका, आयएस ७१० चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का बघा, आणि शिक्क्यावरही विसंबू नका. एक तुकडा पातेल्यात दिवसभर उकळा, वाळवा, परत उकळा, थर सुटले तर माल परत. कापलेल्या कडेत भोकं दिसली तरीही परत. चौदा फुटांसाठी आठ फुटी शीट जोडावी लागते, तो जोड जाडीच्या आठपट लांब उतरता रंधा, म्हणजे ९ मिलिमीटरला ७२.

फायबरच्या दुकानात मिळणारं स्वस्त पॉलिस्टर रेझिन लाकडावर लावू नका, काही वर्षांत कापडासकट सालपटासारखं निघतं. इपॉक्सीच वापरा, हार्डनर अंदाजाने ओतू नका, मोजून घाला, जास्त घातलं की लवकर वाळतं हा निव्वळ गैरसमज, ते चिकटच राहतं. आपल्या दमट हवेत वाळलेल्या थरावर मेणचट साय येते, तिच्यावर तसाच पुढचा हात मारला की तो धरत नाही, साध्या पाण्याने भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने धुवा, मगच घासा. थरात बुडबुडे येत असतील तर सकाळी काम करताय, ऊन चढतं तसं लाकडातली हवा फुगून बाहेर पडते. दुपार उतरल्यावर लावा.

प्रत्येक बोल्टचं भोक आधी मोठं पाडा, इपॉक्सीने भरा, मग त्यात खरं भोक पाडा, विशेषतः ट्रान्समला. लाकूड कुजवतं ते मुख्यतः साचलेलं पावसाचं पाणी, खारं नाही. म्हणून जून ते सप्टेंबर ताडपत्री गच्च आवळून ठेवणं ही वेगळीच चूक, खालून हवा खेळली पाहिजे.

नोंदणीचं मेरीटाइम बोर्डाच्या स्थानिक ऑफिसात बांधायच्या आधी विचारून घ्या, नंतर कटकट होते. किल स्विचची (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी मनगटाला लावल्याशिवाय इंजिन चालू करू नका, आणि वेग सांगताना जीपीएसवर जाताना-येताना दोन्हीकडून मोजून सरासरी काढा, ओहोटीबरोबर पळवून घेतलेला आकडा धरायचा नसतो.