अर्धशिशीवर पैसे कुठे वाया जातात? या चुका टाळा

आईचं डोकं चढलं की ती मोरीत जाऊन घशात बोटं घालायची. उलटी झाली की जुन्या साडीची पट्टी कपाळाला करकचून बांधायची, खिडकीवर चादर टाकायची आणि अंधारात पडून राहायची. "पित्त झालंय, पडलं की बरं वाटेल," एवढंच तिचं निदान. वर्षानुवर्षं ती पित्ताच्या गोळ्या खात राहिली. पुढे माझंही डोकं तसंच ठणकायला लागलं, तेव्हा एका सरकारी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हे पित्त नाही, अर्धशिशी आहे, आणि ती घराण्यात चालते.

या दुखण्यावरची मूळ औषधं स्वस्त आहेत. खिसा रिकामा होतो तो आजूबाजूच्या गोष्टींवर.

पित्त आणि सायनस

अर्धशिशी मेंदू आणि त्याच्या नसांमधून सुरू होते. झटका आला की पोटाचं काम मंदावतं, म्हणून मळमळतं आणि उलटी होते. बऱ्याच जणांचा झटका उलटीनंतर ओसरतो, त्यामुळे "पित्त पडलं, डोकं उतरलं" ही समजूत घट्ट बसली आहे. छातीत खरंच जळजळत असेल तर तो वेगळा आजार, त्याचं वेगळं औषध. पण डोक्यासाठी दर महिन्याला ॲसिडिटीच्या गोळ्या आणणं म्हणजे पैसे पाण्यात. सायनसचंही असंच. झटक्यात नाक गळू शकतं, कपाळ जड होऊ शकतं, म्हणून लगेच अँटिबायोटिक घेऊ नका.

ओळखायचं असं: डोकं ठणकतं, बहुधा एका बाजूला, पण दोन्हीकडेही चालतं. जिना चढला की वाढतं. मळमळतं, उजेड आणि आवाज नकोसा होतो. औषध न घेतल्यास हे 4 ते 72 तास टिकतं. ही लक्षणं जुळत असतील आणि डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक सांगितलं असेल, तर मनाच्या समाधानासाठी हजारो रुपयांचा एमआरआय करायची सहसा गरज नसते.

"सहन होतंय तोवर बघू"

गोळीची सवय लागेल या भीतीनं आपण दुपारपर्यंत थांबतो, मग अर्धी गोळी घेतो. तोवर पोट मंदावलेलं असतं, गोळी तिथेच पडून राहते आणि उलटीत निघून जाते. गोळी सुरुवातीलाच आणि पुऱ्या मात्रेत घ्यायची. धडधाकट प्रौढ माणसासाठी पॅरासिटामॉल 500 च्या दोन गोळ्या, किंवा काही खाऊन आयबुप्रोफेन 400. अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नका. पावसाळ्यात डोकेदुखीबरोबर ताप असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन दोन्ही टाळा, रक्तस्रावाचा धोका असतो. मळमळ जास्त असेल तर डॉक्टरांकडून त्याची गोळी मागून घ्या, तिच्यामुळे वेदनाशामकही नीट लागू पडतं. एवढ्यानं भागलं नाही तर सुमाट्रिप्टानसारखी खास गोळी असते. ती चिठ्ठीवरच मिळते आणि हृदयविकार असलेल्यांना चालत नाही.

रोजची गोळी, आणि ती पुडी

सगळ्यात जास्त माणसं इथे अडकलेली मी पाहिली आहेत, त्यात मीही होते. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा त्याहून जास्त दिवस, आणि एकाहून जास्त औषधं असलेल्या मिश्र गोळ्या, एर्गोटामाइन (अर्धशिशीचं जुनं औषध) किंवा सुमाट्रिप्टानसारख्या ट्रिप्टान गोळ्या 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की गोळीच डोकेदुखी तयार करायला लागते. सकाळी डोळे उघडताच डोकं जड असतं, गोळी घेतली की चार तास बरं, मग परत तेच. बाईला वाटतं आजार वाढला, म्हणून ती आणखी गोळ्या घेते.

मेडिकलवाला कागदाच्या पुडीत तीन सुट्या गोळ्या देतो: एक पांढरी, एक पिवळी, एक बारीकशी. "डोक्याच्या द्या" म्हटलं की ही पुडी हातात. त्यात काय आहे हे ना आपल्याला ठाऊक, ना पुढच्या डॉक्टरांना. त्यात स्टेरॉइड असू शकतं, एकाच जातीची दोन औषधं असू शकतात. पुडी घेऊच नका. नाव छापलेली पट्टी मागा.

यातून सुटायचं तर गोळ्यांचे दिवस कमी करावे लागतात. पहिला आठवडा-दहा दिवस डोकं जास्त दुखतं, त्या वेळी घरच्यांनी साथ द्यायला हवी. ट्रामाडॉल, कोडीन किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्या एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्यानंच उतरवा. बाकीची शिस्त सोपी आहे. आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त गोळी नाही.

हे मोजायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. दुधाचा हिशेब लिहितो त्याच चौकटीत डोकं दुखलं तर फुली, गोळी घेतली तर फुलीभोवती गोल. पाळीची तारीखही तिथेच. माझ्या एका महिन्याच्या पानावर 19 गोल निघाले, तेव्हा मी हादरले. त्याआधी कुणी विचारलं तर "आठवड्यातून एखादी" असंच मी सांगत होते, आणि मला ते खरं वाटत होतं.

पंधरा दिवसांत सोडलेलं औषध

महिन्यात चार-पाच दिवस वाया जात असतील तर रोज घ्यायचं प्रतिबंधक औषध डॉक्टरांना विचारा. प्रोप्रानोलोल, अमिट्रिप्टिलिन ही जुनी, स्वस्त औषधं आहेत. जनऔषधी केंद्रात आणखी स्वस्त पडतात. जनऔषधी सुगम या ॲपवर जवळचं केंद्र आणि किंमत दोन्ही दिसतं. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून मागायला संकोच करू नका.

गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत "फरक नाही" म्हणून सोडलं की तेवढेही पैसे गेले. अमिट्रिप्टिलिन नैराश्यावरही देतात हे वाचून अनेक जणी घाबरतात, मला वेडी समजले का म्हणतात. तसं नाही. अर्धशिशीला ते रात्री अगदी थोड्या मात्रेत देतात. सुरुवातीला तोंड कोरडं पडतं, गुंगी येते. दमा असेल तर प्रोप्रानोलोल चालत नाही, ते आधीच सांगा. गरोदर राहण्याची शक्यता असेल तर तेही सांगा, कारण व्हॅलप्रोएटसारखी औषधं बाळाला अपाय करतात.

उपास, ओले केस, माला-डी

निर्जळी उपासानं किती झटके ओढवून घेतो, ते कॅलेंडरवर बघा. उपास करायचाच तर पाणी सोडू नका आणि वेळच्या वेळी काही खा. मुंबईतले डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी 2006 मध्ये 94 भारतीय रुग्णांची निरीक्षणं मांडली होती: डोक्यावरून अंघोळ केल्यावर झटका येणारे. आपल्या आज्या ओले केस बांधू नको म्हणायच्या, ते मला तेव्हा आठवलं. लांब केस असतील तर सुट्टीच्या दिवशी, ऊन असताना धुवा आणि पूर्ण वाळवा.

डोकं दुखण्याआधी डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेषा येत असतील तर माला-डी, माला-एन किंवा तसल्या दोन संप्रेरकांच्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नका. पक्षाघाताचा धोका वाढतो. आशाताईंना हे सांगून तांबीसारखा दुसरा उपाय विचारा, तोही सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

पैसे न बघता लगेच जायचं तेव्हा

क्षणात आलेली आयुष्यातली सर्वांत भयंकर डोकेदुखी, तापासोबत ताठलेली मान, हातापायातली ताकद जाणं, बोबडी वळणं, फिट येणं, डोक्याला मार, गरोदरपणात किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं: यात घरी थांबायचं नाही. नेहमीचंच डोकं 72 तासांपुढे गेलं तरी दवाखाना गाठा.

एरवी सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयापासून करा. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. जाणं जमत नसेल तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर फोनवरून डॉक्टर मोफत बोलतात. ओपीडीत तुमच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. तेव्हा कॅलेंडरची तीन पानं पुढे ठेवा आणि एवढंच सांगा: महिन्यात इतके दिवस डोकं, इतके दिवस गोळी, आणि गोळी ही. तिची रिकामी पट्टीही सोबत न्या.