करार टेबलावर आलाय? मत द्यायच्या आधी या चुका टाळा

नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत कुठल्याही कंपनीत युनियनचा पगारवाढीचा करार फायनलला आला की पहिला प्रश्न ठरलेला, "काय भो, किती पडले?" मग कुणीतरी आकडा सांगतो, नऊ हजार, बारा हजार, आणि तिथून पुढे सगळी चर्चा त्या आकड्याभोवतीच फिरते, शिफ्ट सुटल्यावर टपरीवर, बसमध्ये, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर विचारूच नका. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही हं. अमेरिकेतल्या विमान पायलटांचंही तेच, पगार आपल्या कितीतरी पट असला तरी. फरक एवढाच की तिथे युनियन आणि कंपनीने मान्य केलेला मसुदा प्रत्येक मेंबरकडे मतदानाला जातो आणि मेंबर तो पाडू शकतात. 2015 मध्ये डेल्टा या विमान कंपनीच्या पायलटांनी चांगली पगारवाढ असलेला करार 65 टक्के मतांनी पाडला, कारण वाढीच्या बदल्यात नफ्यातला वाटा कमी होत होता आणि आजारपणाच्या रजेचे नियम कडक होत होते. म्हणजे लोकांनी आकड्याच्या खालचं वाचलं होतं.

आपल्याकडे कायद्याने असं मतदान घ्यायलाच पाहिजे असं काही नाही, कमिटीने सही केली की करार झाला. तरी बऱ्याच युनियन जनरल मीटिंग घेतात, हात वर करायला लावतात. तर तो हात वर करायच्या आधी हे बघा.

एकूण आकडा ऐकून खूश होणं

सगळ्यात कॉमन चूक हीच. समजा तीन वर्षांचा करार, वाढ 9000, पण टप्पे 40-30-30. म्हणजे पहिल्या वर्षी हातात येतात 3600, दुसऱ्या वर्षी अजून 2700, तिसऱ्या वर्षी अजून 2700. तीन वर्षांत एकूण मिळाले 2,26,800. आता दुसरी ऑफर धरा, फक्त 7000 पण पहिल्या महिन्यापासून पूर्ण. तिचे होतात 2,52,000. छोटा आकडा जिंकला की नाही? पण थांबा, पुढच्या करारात बोलणी सुरू होतील ती शेवटच्या पगारावरून, तिथे 9000 वाला दरमहा 2000 ने पुढे असतो आणि मागे पडलेले 25 हजार साधारण वर्षभरात भरून काढतो. म्हणजे ज्याची रिटायरमेंट दोन वर्षांवर आलीय त्याचा फायदा वेगळा आणि पंचविशीतल्या पोराचा वेगळा, दोघांनी एकाच टपरीवर बसून एकच मत का द्यावं मला कळत नाही.

आणि वाढ ग्रॉसमध्ये (कपातीआधीच्या पगारात) सांगितलीय की सीटीसीमध्ये (कंपनीला तुमच्यामागे पडणाऱ्या एकूण खर्चात) तेही विचारा. सीटीसीमध्ये असेल तर कंपनीच्या हिश्शाचा पीएफ, ग्रॅच्युइटी, कधीकधी कँटीन आणि बससुद्धा त्यातच धरलेली असते.

वाढ कुठल्या खात्यात पडतेय हे न बघणं

बेसिक-डीएमध्ये (मूळ पगार आणि महागाई भत्त्यात) पडलेला रुपया आणि अलाउन्समध्ये पडलेला रुपया सारखे नसतात. ग्रॅच्युइटी निघते बेसिक आणि डीएवर, वर्षाला 15 दिवस, महिना 26 दिवसांचा धरून. 5000 रुपये बेसिकमध्ये आले आणि माणसाची नोकरी 20 वर्षं झाली तर नुसत्या ग्रॅच्युइटीत साधारण 57,700 चा फरक पडतो. तेच 5000 वॉशिंग अलाउन्स, एज्युकेशन अलाउन्स असं करून वाटले तर तो फरक बहुतेक गायब. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन लेबर कोड लागू झालेत, त्यात अलाउन्स एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा, त्यामुळे ही चलाखी आता थोडी अवघड झालीय, पण निम्म्यापर्यंत जागा आहेच ना.

दुसरी गोष्ट ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड. मर्यादा महिना 21,000 पगाराची. वाढीमुळे तुम्ही तिच्या वर गेलात की चालू सहामाही संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चपर्यंत, वर्गणी कापली जाते, त्यानंतर काही महिने कार्ड चालतं आणि मग बंद. मग त्र्यंबक रोडचं ईएसआयचं हॉस्पिटल तुमच्यासाठी नाही. घरात आई-वडील ईएसआयवर अवलंबून असतील तर करारात मेडिक्लेम आहे का, किती लाखाचा, आणि आई-वडील धरलेत का हे आधी बघा, नाहीतर वाढलेले दोन हजार पहिल्याच अ‍ॅडमिटमध्ये जातात.

उत्पादनाचं कलम शेवटी वाचणं (किंवा न वाचणंच)

हे असतं पान चार-पाचवर, बारीक. "कामगार उत्पादनात 15 टक्के वाढ देतील." ऐकायला काही वाटत नाही. आता मशीनवर उभं राहून बघा. शिफ्टमध्ये कामाचे 450 मिनिटं धरले, एका जॉबला, म्हणजे मशीनवर लावलेल्या एका पीसला, 3 मिनिटं, झाले 150 पीस. 15 टक्के वाढवले की 172, म्हणजे जॉबला 2 मिनिटं 37 सेकंद. पण मशीनची स्वतःची सायकलच 2 मिनिटं 20 सेकंदांची असेल तर? ती तर कमी होत नाही, प्रोग्रॅमच तो आहे. आधी लोडिंग, अनलोडिंग, चिप (धातूचा कीस) साफ करणं, माप बघायला गेज लावणं याला 40 सेकंद मिळत होते, आता मिळणार 17. सतरा सेकंदात जॉब काढून, तो धरणारं फिक्श्चर पुसून, दुसरा लावून दाखवा बरं, आणि तेही शिफ्टभर.

म्हणून मागायचं काय, तर ही वाढ कशातून येणार ते लिहून मागायचं. नवीन टूल, नवीन फिक्श्चर, सायकल टाइम कमी होणार की नुसते हात जोरात चालवायचे? टूल चेंजचा, सेटिंगचा, मटेरियल नाही म्हणून मशीन उभी राहिली त्याचा वेळ टार्गेटमधून वजा होणार का? हे नसेल तर सहा महिन्यांनी मेमो येतात आणि तेव्हा कमिटीवाला म्हणतो की करारात आहे, सही आहे.

शेजारच्या कंपनीचा आकडा डोक्यात घेऊन बसणं

"पलीकडे बारा झाले." झाले असतील. पण किती वर्षांचा करार, सरासरी सर्व्हिस किती, आधीचा पगार किती, आणि त्यांनी काय दिलं? चार वर्षांचे बारा आणि तीन वर्षांचे दहा यात दहाच मोठे. तुलना करायची तर पूर्ण कॉपी मिळवा, नाहीतर सोडा.

रागात पाडणं आणि घाबरून पास करणं

पाडल्यावर पुढे काय, हा प्रश्न सभेत कुणी विचारत नाही, विचारला तर मॅनेजमेंटचा माणूस ठरवतात. डेल्टावाल्यांनी 2015 ला पाडला आणि 2016 अखेर त्याहून चांगला करार 82 टक्क्यांनी पास केला. युनायटेड या दुसऱ्या विमान कंपनीच्या पायलटांनी 2022 ला 94 टक्क्यांनी पाडला, पुढच्याच वर्षी खूप चांगला मिळाला, कारण तेव्हा सगळ्यांनाच पायलट हवे होते. पण फेडएक्स या पार्सल कंपनीच्या पायलटांनी 2023 मध्ये 30 टक्के वाढीचा करार 57 टक्क्यांनी पाडला आणि दोन वर्षांनीही नवीन करार हातात नव्हता. कोविडमधली पार्सलची तेजी तोपर्यंत ओसरली होती, कंपनीला घाई उरली नव्हती.

म्हणजे पाडायचं की नाही हे तुमचा राग किती यावर नाही, कंपनीची गरज किती यावर ठरवा. ऑर्डर बुक भरलेलं आहे का, ओव्हरटाइम चालू आहे का, नवीन लाइन टाकतायत का, की रविवारी सुट्ट्या देऊन स्टॉक कमी करतायत? परमनंट किती आणि काँट्रॅक्ट किती? लाइनवर सत्तर टक्के काँट्रॅक्टची पोरं असतील तर तुमच्या "नाही"चं वजन कागदावर दिसतं तेवढं नसतं, कटू आहे पण आहे. उलट डिस्पॅचच्या गाड्या रात्री दोनला भरत असतील तर घाबरून घाईत "हो" म्हणायचं काही कारण नाही.

फक्त "पाडला" एवढंच बोलून घरी जाऊ नका. कुठल्या दोन-तीन कलमांवर पाडला ते त्याच सभेत लिहून कमिटीला द्या, नाहीतर कमिटी परत जाऊन काय मागणार? अजून पाचशे मागून येईल आणि उत्पादनाचं कलम तसंच राहील.

व्हॉट्सअ‍ॅपच्या एका पानावर मत देणं

ठळक मुद्द्यांचं पान कमिटी काढते आणि त्यात गोड गोडच असतं, स्वाभाविक आहे. पूर्ण मसुदा मागा, मराठीत मागा, आणि वाचायला निदान चार दिवस मागा. आज मीटिंग आणि आजच हात वर, असं असेल तर तिथेच उभं राहून वेळ मागितला तर कुणी खात नाही.

हेही विचारा की सही कुठे होणार. कामगार उपायुक्तांसमोर, समेटाच्या कारवाईत झालेला करार कंपनीतल्या सगळ्या कामगारांना लागू होतो, उद्या लागणाऱ्यालाही. नुसता दोघांत झालेला करार सह्या करणाऱ्या पार्टीपुरता. गेटवर अजून पहिल्याला 12(3) आणि दुसऱ्याला 18(1) च म्हणतात, ही जुन्या कायद्याची कलमं, कायदा बदलला तरी. दुसरी युनियन असेल किंवा मेंबर नसलेले बरेच असतील तर हा फरक लय मोठा.

सही झाल्यावर गडबड लक्षात आली तर

मुदत संपेपर्यंत त्याच मागण्या परत उकरता येत नाहीत, हे धरूनच चाला. पण करारात लिहिलंय एक आणि स्लिपवर पडलंय दुसरं, तर तो विषय उकरता येतो. पहिल्या महिन्याची पगारस्लिप आणि करारातलं पगाराचं परिशिष्ट शेजारी ठेवून ओळ ओळ लावून बघा, विशेषतः डीएचा रेट आणि मागच्या महिन्यांचा फरक. फरक ठोक रकमेत दिला असेल तर त्यावर पीएफ कापलाय की नाही तेही. चुकलं असेल तर तोंडी सांगू नका, कमिटीमार्फत पत्र द्या आणि पोच घ्या, पोचवर तारीख आणि शिक्का दोन्ही.