मॉस्कोहून व्होडका आणताना: माझा अनुभव

सासऱ्यांनी एकच गोष्ट मागितली होती, अस्सल रशियन व्होडका. मॉस्कोत पहिल्या रात्री सव्वाअकराला सुपरमार्केटमध्ये गेलो, तर दारूच्या फडताळाला दोरी लावलेली. तिथे रात्री ११ ते सकाळी ८ विक्री बंद असते. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन ०.७ लिटरची बेलुगा घेतली. बाटलीवर धातूचा छोटा मासा बसवलेला असतो, तो बोटांना गार लागतो, फार देखणा! झाकणावरची अबकारी पट्टी शाबूत आहे ना, ते मात्र नक्की बघा. परतताना विमानतळावर ड्यूटी फ्रीमध्ये अजून दोन अर्ध्या लिटरच्या घेतल्या. एकूण १.७ लिटर. भारतात माणशी २ लिटरपर्यंत शुल्क लागत नाही.

खरी अडचण दिल्लीला आली. पुढचं विमान पुण्याचं. ड्यूटी फ्रीच्या सीलबंद पिशवीवर मी निर्धास्त होतो, पण देशांतर्गत सुरक्षा तपासणीत १०० मिलिलिटरवरचं द्रव अडवलं. सुदैवाने वेळ होता. परत काउंटरवर गेलो, विनंती करून केबिन बॅगच चेक-इनला दिली. प्रत्येक बाटली आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग लोकरी मोज्यात, आणि चहूबाजूंनी स्वेटर.

आता मी हे काम कस्टम्समधून बाहेर पडल्यावर लगेच करतो: पट्ट्यावरून आधीच उचललेल्या सुटकेसमध्ये बाटल्या ठेवायच्या, मगच पुढच्या विमानाला सामान द्यायचं.

पुण्यात बॅग उघडली, तिन्ही बाटल्या कोरड्या. सासरे बराच वेळ त्या माशावरून बोट फिरवत बसले होते.