पदवीनंतरही महाविद्यालयाच्या कामी येण्यासाठी

पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलीचे नाव महाविद्यालयाच्या दप्तरात बहुधा माहेरचेच राहते आणि लग्नानंतर आडनाव, गाव, फोन नंबर बदलले की तिचा माग लागत नाही. म्हणून सेवेची सुरुवात माजी विद्यार्थी संघात स्वतःची नोंद करण्यापासून करावी. नोंदीत माहेरचे व सध्याचे नाव, शाखा आणि उत्तीर्ण झाल्याचे वर्ष एकत्र लिहावे. वर्गमैत्रिणींना शोधून त्यांच्याही नोंदी करून घेणे हे माझ्या मते देणगीइतकेच मोलाचे काम आहे. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या ‘नॅक’ या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग पाहिला जातो, त्यामुळे संघ नोंदणीकृत असावा आणि सभांची इतिवृत्ते जपून ठेवलेली असावीत.

काय द्यायचे हे घरी बसून ठरवू नये. प्राचार्य, ग्रंथपाल आणि कार्यालयातील कर्मचारी यांना भेटून गरज विचारावी, कारण घरातली जुनी पुस्तके न विचारता ग्रंथालयात नेऊन टाकल्याने तेथील कामच वाढते.

सर्वांत जास्त गरज असते ती वेळेची. शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या दिवसांत आठवड्यातून एक दुपार महाविद्यालयात बसावे. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरील अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा आहे का, बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, आधारवरील नाव गुणपत्रिकेवरील नावाशी जुळते का, एवढे तीन मुद्दे प्रत्येक मुलीसोबत शांतपणे तपासले, तरी कितीतरी अर्ज परत येण्यापासून वाचतात. घरातली शिकणारी ती पहिलीच मुलगी असेल, तर हे सांगणारे दुसरे कोणी तिच्याजवळ नसते.

पैशांच्या बाबतीत रक्कम लहान म्हणून संकोच करू नये. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपयांची देणगी दिली ती १९२० मध्ये. त्याच्या कितीतरी आधीपासून कर्वे पुण्याजवळच्या हिंगण्यातील आपल्या स्त्रीशिक्षण संस्थेसाठी गावोगाव फिरून लहानमोठ्या वर्गण्या गोळा करत होते. पारितोषिकासाठी कायम ठेव ठेवायची असल्यास आधी हिशेब मांडावा: सहा टक्के व्याज धरले, तर ५०,००० रुपयांवर वर्षाला ३,००० रुपये मिळतात आणि महागाईमुळे त्यांची किंमत उतरत जाते. म्हणून पुढे उद्देश बदलण्याचा अधिकार संस्थेला देणारे कलम देणगीपत्रात घालावे. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत देणगीवर सवलत हवी असेल, तर २,००० रुपयांहून अधिक रक्कम रोख देऊ नये. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माजी विद्यार्थिनीची देणगी परकीय योगदान ठरते, त्यामुळे ती पाठवण्यापूर्वी संस्थेकडे एफसीआरए (परकीय योगदान नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याची खात्री करावी.

वयपरत्वे जाणे-येणे कमी होईल हे गृहीत धरून साठीच्या आतच एखाद्या तरुण माजी विद्यार्थिनीला सोबत घ्यावे आणि नोंदवही, ठेवीच्या पावत्या व संपर्कांची यादी तिच्याकडे रीतसर सोपवावी.