वाळवंटात मंडळी घेऊन जाताना

जैसलमेरला जायचं तर डिसेंबर-जानेवारीतच जा. जळगावचा मे महिना भोगलेल्यांनी उन्हाळ्यात वाळवंट कशाला बघायचं? सुरत-अहमदाबाद मार्गे रेल्वेने निघा, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या. सम गावच्या वाळूच्या टेकड्या शहरापासून ४० किलोमीटरवर, पण तिथे गर्दी फार. निवांतपणा हवा तर खुरी गावच्या टेकड्या गाठा.

उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, म्हणून आपण मागे रेलायचं. खाली बसताना तो पुढचे गुडघे आधी टेकतो, तेव्हाही मागेच. गुडघेदुखीवाल्या काकूंना सरळ उंटगाडीत बसवा. रात्री पारा १० अंशांखाली जातो, कानटोपी हवीच. दाल-बाटी वाढल्यावर आपल्या वरण-बट्टीचं कौतुक यजमानांपुढे सुरू करू नका. आमचे दाजी करतातच.