टेम्पररी हिट पॉइंट्स वेगळ्या चौकटीत लिहा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्र वठवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत टेम्पररी (तात्पुरते) हिट पॉइंट्स मूळ हिट पॉइंट्समध्ये, म्हणजे पात्र किती मार झेलू शकतं त्या आकड्यात, मिसळायचे नसतात. फायटरचे (लढवय्या पात्राचे) ३० पैकी २२ उरलेत आणि वर ८ टेम्पररी मिळाले, तर शीटवर, म्हणजे पात्राच्या नोंदीच्या कागदावर, ‘३०’ लिहू नका. ‘२२’ आणि शेजारी ‘८’ लिहा. ११चा फटका बसला की आधी ८ जातात, उरलेले ३ मूळ आकड्यातून, राहिले १९. एकत्र लिहिलं की क्लेरिकचं (बरं करणाऱ्या पुजारी पात्राचं) हीलिंग ‘आधीच फुल’ म्हणून नाकारलं जातं. हीलिंगने टेम्पररी आकडा मात्र कधीच वाढत नाही.

सगळ्यात जास्त भांडणं बेरजेवरून होतात. बेरीज नाहीच! ७ असताना नवे १० मिळाले तर १७ होत नाहीत. जुने ठेवायचे की नवे घ्यायचे, एवढंच ठरवायचं. मोठा आकडा दर वेळी फायद्याचा असेलच असं नाही. २०१४च्या नियमांनुसार वॉरलॉकच्या (जादूगार पात्राच्या) आर्मर ऑफ अगाथिस या मंत्राचे ५ शिल्लक असतील तर जवळून मारणाऱ्याला ५ कोल्ड डॅमेज (थंडीची इजा) बसतं. ते ५ सोडून दुसरे ८ घेतले की हा उलटा तडाखाही गेला.

शून्यावर बेशुद्ध पडलेला गडी टेम्पररी पॉइंट्सने उठत नाही, त्याला खरं हीलिंगच लागतं. आणि सगळा फटका टेम्पररीने झेलला तरी कॉन्सन्ट्रेशनचा सेव्ह (चालू मंत्रावरची एकाग्रता टिकते का, हे ठरवणारा फासा) टाकावाच लागतो, कारण डॅमेज झालेलंच असतं. मंत्रात वेगळी मुदत दिली नसेल तर उरलेले पॉइंट्स लाँग रेस्टनंतर (पात्रांच्या लांब विश्रांतीनंतर) खोडायचे. आकडा पेन्सिलनेच लिहा.